सरकारची तक्रार कुठं करायची?

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यापासून थोड्या अंतरावर पारध्यांची दहा-बारा पालं पडली होती. तिथं कायद्याची माहिती सांगायला आम्ही दोघे-तिघे गेलो होतो. अटक कशी होते, चोवीस तासांत माणसाला न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं, बाईमाणसाला रात्री नेता येत नाही, असं सगळं सांगून झालं. मागं बसलेल्या एका आजींनी हात वर केला आणि विचारलं, "सायेब, चोरानं मारलं तर पोलिसाकडं जायाचं. पोलिसानं मारलं तर मोठ्या सायबाकडं जायाचं. आन् सरकारनंच मारलं, तर मग कुणाकडं जायाचं?"

मी वकिली करतो, त्यामुळं उत्तरं तोंडावर असतात. "कोर्टात जायचं," असं मी म्हणालो. आजींनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. कोर्ट हेही त्यांच्या लेखी सरकारच. गाडी बारामतीच्या दिशेनं निघाली तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आज इथं त्याच प्रश्नाचं थोडं सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

हा प्रश्न त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. ऐन तिशी-पस्तिशीतला, बायकापोरांचा धनी. त्याला मारहाण झाली आणि त्यातच तो गेला, असा आरोप झाला. पारध्याच्या मरणाची बातमी साधारण चार ओळींची असते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणी भजी बांधून देतं. या मृत्यूचं तसं झालं नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. दिलीप डिसोझा या मुंबईच्या पत्रकारानं गावोगाव हिंडून विमुक्त जमातींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते २००१ मध्ये आलं, त्यात ही हकिगत आहे. अहमदाबादच्या छारानगरमधल्या तरुणांनी 'बुधन थिएटर' नावाचा नाट्यगट काढला होता. छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. त्यांनी पिन्या काळेच्या मृत्यूवर नाटक बसवलं. बारामतीतला एक मृत्यू अहमदाबादच्या रस्त्यावर उभा राहिला.

या गटाच्या नावातला बुधन म्हणजे बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्याचा बुधन शबर. तोही अशाच एका जमातीतला, तोही पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत गेलेला, आणि सालही तेच, १९९८, महिना फेब्रुवारी. तिथं कोलकाता उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी चौकशीचा आणि भरपाईचा आदेश दिला. महाश्वेता देवी, आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड आणि मूळचे भोरचे गणेश देवी यांनी मिळून त्याच वर्षी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक कृतिगट स्थापन केला. पुरुलिया आणि बारामती यांच्यामध्ये दीड-दोन हजार किलोमीटरचं अंतर आहे, भाषा वेगळी, पीक वेगळं. मग दोन्हीकडे एकाच वर्षी तसंच कसं घडतं? कारण दोन्हीकडची पोलिसी नजर एकाच कायद्यानं घडवलेली आहे.

तो कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, हजेरी लावायची, परवानगीवाचून गाव सोडू द्यायचं नाही. आपल्या शेजारच्या सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती, तिला लोक अजूनही 'सेटलमेंट'च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर तो जमातीला नाही, माणसाला लागू होतो. व्यवहारात काय होतं ते बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात कुणालाही विचारा. उसाची, द्राक्षाची राखण करायला बागायतदार विश्वासानं पारधीच ठेवतो. आणि त्याच शिवारात रात्री मोटार चोरीला गेली, की पहिली जीप त्याच राखणदाराच्या पालावर जाते!

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. सरकारच्या वर कोण?

वर कुणीही नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. जिनिव्हात कुणी मोठा फौजदार बसलेला नाही. पण सरकारांनी आपखुशीनं काही करार केलेले असतात. वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा करार संयुक्त राष्ट्रसंघानं १९६५ मध्ये केला, भारतानं त्याला १९६८ मध्ये मान्यता दिली. करार करणाऱ्या प्रत्येक देशानं ठरावीक मुदतीनं आपला अहवाल जिनिव्हाच्या समितीला द्यायचा. समितीत अठरा तज्ज्ञ. सरकार आपला अहवाल देतं, त्याच वेळी संघटनाही आपले समांतर अहवाल देतात. मग भर सभेत सरकारच्या शिष्टमंडळाला प्रश्न विचारले जातात. ते देतील ती उत्तरं नोंदवली जातात आणि शेवटी समिती आपली निरीक्षणं छापते. ना शिक्षा, ना दंड. पुष्कळ देशांनी आपल्या नागरिकांना थेट समितीकडं गाऱ्हाणं मांडण्याची मुभा दिलेली आहे, भारतानं ती दिलेली नाही. म्हणजे भिगवणच्या आजींनी तिथं अर्ज केला तरी तो दाखल होणार नाही. तिथं जायचं ते सगळ्यांचं गाऱ्हाणं एकत्र बांधून, समांतर अहवालातून.

फेब्रुवारी २००७ मध्ये भारताची पाळी आली. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीच्या एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाशी केली होती. जिनिव्हात मात्र सरकारची भूमिका अशी, की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातीचा प्रश्न या कराराखाली येतच नाही. गंमत अशी, की करारात 'वंश', 'वर्ण' यांच्या जोडीला 'जन्मकुळ' या अर्थाचा जो शब्द आहे, तो घालण्याची सूचना १९६५ मध्ये भारतानंच केली होती. आणि जन्मकुळात जात येते, असं समिती १९९६ पासून सांगत होती. मार्च २००७ मध्ये समितीनं निरीक्षणं दिली. त्यात विमुक्त जमातींवर स्वतंत्र परिच्छेद आहे. १८७१ च्या कायद्याचा डाग सराईत गुन्हेगार कायद्यामुळं पुसला गेलेला नाही, तो कायदा रद्द करा, आणि या लोकांचं खरोखरीचं पुनर्वसन करा, असं त्यात म्हटलं आहे.

त्या परिच्छेदात पिन्या काळेचं नाव नाही, बारामतीचंही नाही. पण अशा परिच्छेदाला जो दारूगोळा लागतो तो जिनिव्हात तयार होत नाही. कुणाला कधी उचललं, दवाखान्यात कधी नेलं, अंगावर जखमा कुठं होत्या, हे कुणीतरी तालुक्याच्या गावी लिहून ठेवावं लागतं. ते नसलं तर तिकडं जाऊन नुसतं भाषण करता येतं, आणि सरकारी शिष्टमंडळ भाषणाला भाषणानं उत्तर देतं.

यावर आपल्याकडं एक हमखास आक्षेप येतो. घरातली धुणी चव्हाट्यावर का धुवायची? देशाची बदनामी का करायची? एका व्याख्यानानंतर एका निवृत्त गृहस्थांनी मला हे फार कळकळीनं विचारलं होतं. मी त्यांना १९४६ सालाची आठवण करून दिली. त्या वर्षी भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या छळाची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली. तिथल्या सरकारनं हेच म्हटलं, की हा आमच्या घरातला प्रश्न आहे. विजयालक्ष्मी पंडित, म्हणजे रणजित पंडितांच्या मराठी घराण्यातल्या सूनबाई, आपल्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या. त्यांनी तो युक्तिवाद मोडून काढला आणि डिसेंबरमध्ये ठराव दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला. माणसांचा छळ ही कुणा एका सरकारची खासगी बाब नाही, हे जगाला सांगणाऱ्यांत आपण पहिल्या रांगेत होतो. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. तिकडच्या निग्रो संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाला जो अर्ज केला, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीनं तसाच अर्ज करण्याचा विचार चालला होता. आता बाबासाहेबांना देशाची बदनामी करायची होती, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पुढं त्यांनीच देशाला राज्यघटना दिली.

अर्थात या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २००७ नंतरचा पुढचा अहवाल भारतानं २०१० च्या सुरुवातीला द्यायचा होता. ती मुदत उलटून दशकाहून अधिक काळ गेला, तरी अहवाल गेला नव्हता. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावरचा आढावा १९९७ मध्ये झाला आणि त्यापुढचा थेट जुलै २०२४ मध्ये. सत्तावीस वर्षं! या काळात दिल्लीत दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली, त्यामुळं एकाच पक्षाकडं बोट दाखवता येणार नाही. छळाविरुद्धच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. त्यासाठी लागणारं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि बाद झालं. २०१७ मध्ये जिनिव्हात आपल्या ॲटर्नी जनरलनी सांगितलं, की छळ ही कल्पनाच आमच्या संस्कृतीला परकी आहे, आणि करार मंजूर करायला आम्ही बांधील आहोत. त्याच वर्षी विधी आयोगानं आपल्या २७३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही करून दिला. तो मसुदा तसाच आहे.

पण सरकारला याची झळच बसत नाही, असंही नाही. पुरुलियाचं नाव मघाशी आलं. त्याच पुरुलियात डिसेंबर १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला मुख्य आरोपी किम डेव्ही डेन्मार्कचा नागरिक. भारतानं त्याला मागितलं. तिथल्या न्यायालयानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला, कारण भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, असं त्यांचं मत पडलं. ज्या जिल्ह्यातला एक गरीब शबर कोठडीत मेला, त्याच जिल्ह्यातल्या गुन्ह्याचा आरोपी आपल्या कोठड्यांच्या कीर्तीमुळं आपल्या हाती लागत नाही. विधी आयोगानंही हीच अडचण दाखवून दिली आहे: करार मंजूर नाही, म्हणून परदेशातले आरोपी मिळत नाहीत.

आता मी ज्याला या सगळ्यातलं सर्वांत उपयोगाचं समजतो, तिकडं वळतो. १९८३ मध्ये फिलिपिन्समधले विरोधी पक्षनेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. अशा मृत्यूंचा तपास नीट कसा करायचा याचे काही नियमच नाहीत, हे त्या निमित्तानं लक्षात आलं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या वकिलांच्या एका संघटनेनं डॉक्टरांना बरोबर घेऊन शवविच्छेदनाची पद्धत लिहून काढली. १९९१ मध्ये ती संयुक्त राष्ट्रसंघाची झाली. आपला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला. १९९५ मध्ये त्यानं मुख्यमंत्र्यांना लिहिलं, की कोठडीतल्या मृत्यूच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा. मार्च १९९७ मध्ये त्यानं राज्यांना शवविच्छेदनाचा नमुना फॉर्म पाठवला, तो करताना संयुक्त राष्ट्रसंघाचा नमुना समोर होता. म्हणजे पिन्या काळेच्या मृत्यूच्या सव्वा वर्ष आधी, मनिला-मिनेसोटा-न्यूयॉर्क-दिल्ली असा प्रवास करून हा कागद महाराष्ट्रात येऊन पोचला होता.

तो भरला जातो का, हा पुढचा प्रश्न. एका सरकारी रुग्णालयात मी असा एक फॉर्म पाहिला होता. जखमांच्या रकान्यात शरीराच्या आकृत्या असतात, पुढून आणि मागून. कुठं वळ आहे, किती लांब आहे, ते त्यावर काढायचं असतं. आकृत्या कोऱ्या होत्या. खाली सही मात्र झोकदार होती. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "वकीलसाहेब, रात्रपाळीला मी एकटा होतो." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण त्या कोऱ्या आकृतीमुळं ते प्रकरण तिथंच संपलं. ना ते उच्च न्यायालयात टिकलं असतं, ना जिनिव्हात.

आणि कागद भरलेला असला तर काय होतं, तेही आपण नुकतंच पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. अनेक जखमांमुळं बसलेला धक्का, असं मृत्यूचं कारण शवविच्छेदनात लिहिलं गेलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांवर ठपका आला. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. त्यासाठी त्याच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली, पण तिच्या हातात कागद होता.

जिनिव्हात बोललेलं इथं कसं उपयोगी पडतं, असंही लोक विचारतात. १९७९ मध्ये नागरी हक्कांचा करार मान्य करताना भारतानं एक कलम वगळलं होतं: बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की न्यायालयं भरपाई देतच आहेत, तेव्हा त्या वगळण्याला आता अर्थ उरलेला नाही. अटकेच्या वेळी नातेवाइकाला कळवणं, अटकेचा मेमो करणं, त्यावर साक्षीदाराची सही घेणं, हे नियम त्याच निकालातले. त्या खटल्याची सुरुवात तरी कशी झाली? १९८६ मध्ये बंगालच्या एका कायदा-साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी सरन्यायाधीशांना पाठवलेल्या एका पत्रानं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीचे उल्लेख रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका, असं पोलिसांना बजावलं. जिनिव्हाची समिती सतरा वर्षांपूर्वी ज्या डागाबद्दल बोलली होती, तो हाच.

दिल्लीच्या आयोगाचंही सांगतो. जगभरच्या मानवी हक्क आयोगांची एक संघटना आहे, ती दर काही वर्षांनी प्रत्येक आयोगाची परीक्षा घेते. २०२३ आणि २०२४ मध्ये तिनं आपल्या आयोगाचा दर्जा कायम ठेवण्याचा निर्णय पुढं ढकलला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास आयोग पोलीस अधिकाऱ्यांकडूनच करून घेतो, हा त्यातला एक आक्षेप. आजींचा प्रश्न वेगळ्या शब्दांत तिथंही विचारला गेला होता म्हणायचा!

तरीही वस्तीवर गेलो की मी सांगतो: ताब्यातल्या माणसाचा मृत्यू झाला, तर चोवीस तासांत आयोगाला कळवणं प्रशासनाला बंधनकारक आहे, त्यांनी कळवलं का ते विचारा. २००६ पासून अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची असते, नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. तहसीलदार येऊन गेले एवढ्यावर समाधान मानू नका. चित्रीकरण मागा. शवविच्छेदनाची प्रत मागा. आयोगाकडं तक्रार एक वर्षाच्या आत करा, साध्या कागदावर मराठीत लिहिली तरी चालते, तिला फी लागत नाही. आणि प्रत्येक कागदाची एक प्रत गावाबाहेर कुणाकडं तरी ठेवा.

नंतर एकदा पुन्हा त्या बाजूला गेलो, तेव्हा पालं थोडी पुढं सरकली होती. आजी होत्या. यावेळी मी तो नमुना फॉर्म बरोबर नेला होता आणि जमेल तसं हे सगळं सांगितलं. जिनिव्हाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "लई लांब हाय," एवढंच म्हणाल्या. फॉर्म मात्र त्यांनी हातात घेतला. लिहिता-वाचता येत नसलं तरी ती माणसाची आकृती त्यांना लगेच कळली. पाठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं वळ काढायचा म्हंता ना?" मी हो म्हणालो. त्यांनी कागदाची घडी केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत घातली.